न खपणारं मशीन आणि धोंड्याचं वाण

मला एक गोष्ट कोणीतरी नीट समजावून सांगा. टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन बाजारात नवीन येतं, तेव्हा ते महाग असतं, मध्येच तापतं, बंद पडतं, आणि त्यावर खेळायला धड चार गेमही नसतात. तेव्हा लोक त्याच्यासाठी माझ्या दुकानाबाहेर नंबर लावून उभे राहतात. पुढे काही वर्षांनी त्याच मशीनच्या सगळ्या खोडी जातात, गेम इतके होतात की ठेवायला फळी पुरत नाही, आणि तेव्हा त्याच्याकडे कुत्रंही ढुंकून बघत नाही. ही कुठली रीत? माणूस म्हातारा झाल्यावर त्याला कोणी विचारत नाही हे मी समजू शकतो, तो खोकतो, तेच तेच बोलतो. पण मशीनने काय घोडं मारलंय?

माझं दुकान पनवेलच्या जुन्या बाजारात, टपाल नाक्याच्या अलीकडे. आधी कॅसेटी विकल्या, मग सीड्या, मग ही मशीनं. पोरं ‘कन्सोल’ म्हणतात, माझ्या तोंडात मशीनच बसलंय. आणि खरं सांगतो, मी स्वतः आयुष्यात एकदाही गेम खेळलेलो नाही. हलवाई कुठे स्वतःचे पेढे खात बसतो? डबा द्यायचा, वॉरंटीवर शिक्का मारायचा, ‘या परत’ म्हणायचं. एवढ्यावर माझं घर चाललं, लेक इंजिनियर झाली, तिचं लग्न झालं.

हे मशीन आलं त्या वर्षीची गंमत मला आठवते. गव्हाणचा एक कोळी गृहस्थ दोन्ही पोरांना घेऊन आला होता. पूर्वी होडी होती, आता विमानतळाच्या कामावर त्याच्या गाड्या लागल्या होत्या. माल संपला होता, तर हा माणूस दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. म्हणाला, “शेट, पोरांना शब्द दिलाय. आमी नाय हलणार.” शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेलं मशीन मी त्याला दिलं आणि त्या दुसऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. असा तो जमाना.

आणि मग हळूहळू शांत झालं. आधी मला वाटलं, पितृपक्ष आहे, पितृपक्षात नवी वस्तू कोण घेणार? पितृपक्ष संपला, दसरा आला, दसऱ्याला लोकांनी सोनं लुटलं, मशीन काही नेलं नाही. मग म्हटलं, दिवाळीत बघू. दिवाळीत चौकशीला आले आणि रिमोटचे सेल घेऊन गेले. मग परीक्षा आल्या. मग क्रिकेट आलं. मग लग्नसराई आली. मी रोज एक नवीन कारण शोधून काढायचो आणि बायकोला ऐकवायचो, आणि ती म्हणायची, “तुमच्या मशीनला बारा महिने सुतकच असतं की हो.”

तोच गव्हाणचा गृहस्थ मधे एकदा चार्जर घ्यायला आला होता. मी त्याला म्हटलं, अहो, आता मशीन किती सुधारलंय बघा, सडपातळ झालंय, आवाज करत नाही, एक घेऊन जा. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. “एक हाय ना घरात, शेट. चालतंय. दुसरा कशाला? जेवलेल्या मानसाला परत पानावर बसवता का तुमी?” मला त्याचं म्हणणं पटलं आणि पटलंही नाही. अहो, त्याच्याकडे आहे हे मान्य. पण पनवेल काय एवढंच आहे का? कामोठे आहे, तळोज्याला नवे टॉवर आहेत, उलव्याला तर रोज एक इमारत उभी राहते. एवढी माणसं आली, त्यांचे टीव्ही आले, भिंतीएवढे टीव्ही. त्यांना मशीन नको?

दुकानात येणारी पोरं एकच विचारायची, “अंकल, पुढचं कधी येतंय?” मी चिडायचो. अरे बाबांनो, समोर आहे ते घ्या ना! ते हसायचे आणि जायचे. माल पुरवणाऱ्या एजंटला विचारलं तर तो गळ्याची शपथ घ्यायचा, “काका, अफवा आहे हो. नवीनबिवीन काही नाही. उलट आता हे मशीन एकदम पिकलंय, मोठी ऑर्डर टाका.”

आणि नेमका तोच प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला. शेजारचा मोबाईलची कव्हरं विकणारा अर्धा काउंटर मागत होता. गिऱ्हाईक त्याच्याकडे उतू जात होतं, जागा पुरत नव्हती. एजंट म्हणत होता, महिनाअखेरपर्यंत सांगा, मोठा माल पाठवतो. माल घेतला तर काउंटर द्यायला जागा नाही, काउंटर दिला तर मशीनचा धंदा संपला. म्हणजे मी संपलो असंच मला वाटत होतं, उगीच लपवू कशाला? ज्या काचेमागे अर्धं आयुष्य उभा राहिलो तिच्यामागे आता कव्हरं लटकणार, चमकीची, सशाच्या कानांची. माझं डोकं चालेना. वस्तू चांगली आहे हे मला दिसत होतं, लोक घेत नाहीत हेही दिसत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात ते काही केल्या उमजेना.

त्यातच अधिक महिना आला. लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तीन वर्षांनी हा जादा महिना येतो आणि त्यात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात, सोबत ऐपतीप्रमाणे काहीतरी चांगलं. जावई म्हणजे त्या दिवशी साक्षात विष्णू. बायकोने चांदीचं निरांजन द्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, मशीन देऊ.

“काय?” बायको लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. “जावयाला वाणात व्हिडिओ गेम? लोक शेण घालतील तोंडात!”

“सोनार सोनं देतो, शेतकरी तांदूळ देतो. मी काय विकतो? मी विकतो तेच मी देणार.”

“दुकानात पडून राहिलंय म्हणून देताय.”

हे मला फार लागलं. तसं अजिबात नव्हतं. माझ्या मनात वेगळंच होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमचे जावईबापू कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, वय तरुण, शौकीन माणूस. हे मशीन ज्यांच्यासाठी बनवलं असेल ते नेमके असेच असणार. मी ठरवलं होतं, त्यांनी खोका बघितला की त्यांच्या तोंडाकडे बघायचं. चेहरा खुलला, तर मी वेडा नाही, वस्तूत दम आहे, एजंटला हो सांगायचं. चेहरा पडला, तर काउंटर कव्हरवाल्याला देऊन टाकायचा. बाजाराचं मला कळत नव्हतं, पण माणसाचं तोंड मला वाचता येतं असा माझा समज होता.

रविवारी दोघं आली. बायकोने जावयाला पाटावर बसवलं, ओवाळलं. धोंडे झाले, अळूवडी झाली, आमरस झाला. लोकांनी शेण घालू नये म्हणून निरांजनही आणलं होतंच. मग ताटात तेहतीस अनारसे रचून, खोक्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढून, बायकोने माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि वाण पुढे केलं.

जावयाने खोका बघितला. क्षणभर लेकीकडे बघितलं. आणि मग असा काही चेहरा खुलला म्हणता! “अरे बापरे! बाबा! हे? हे मला किती दिवस घ्यायचं होतं!” खोका मांडीवर घेऊन बसले, मागचं पुढचं वाचत राहिले. लेक मात्र एकदम पाणी आणायला आत गेली. मला काय, आनंद मावेना. बायकोकडे बघून भुवया उडवल्या. संध्याकाळी डोक्यावरून विमानावर विमान चाललं होतं, मी गच्चीत उभं राहून एजंटला फोन लावला. म्हटलं, “पाठव. मोठी ऑर्डर.” आणि सकाळी कव्हरवाल्याला सांगून टाकलं, “बाबा रे, दुसरीकडे जागा बघ.” तो चांगला माणूस आहे. नुसता ‘बरं काका’ म्हणाला, पण बघत राहिला.

दोन-तीन दिवसांनी दुकानाची सुट्टी होती. उरलेले अनारसे डब्यात भरून बायकोने मला उलव्याला पिटाळलं. एरवी लेकीकडे जायचं तर ती आधी फोन करायला लावायची, आणि तरी दाराबाहेर उभं ठेवायची. “थांब हं बाबा, आवरतेय,” म्हणायची, आतून खुडबुड ऐकू यायची. मला वाटायचं, नोकरी करणारी पोर, घर पसरलेलं असेल. त्या दिवशी मी फोन न करता गेलो. तिला कशाला त्रास?

दार जावयाने उघडलं. कानात हेडफोन, ऑफिसची मीटिंग चालू. मला बघून गडबडले, हातानेच बसा म्हणाले आणि आतल्या खोलीत पळाले. मी सोफ्यावर बसलो. टीव्ही चालू होता, त्यावर एक गाडी अर्ध्या रस्त्यात थांबली होती, आणि बाजूला मशीन. माझं मशीन! लावलं पण! मला इतकं बरं वाटलं की मी उठून जवळ गेलो.

मशीनवर धूळ होती. एका कोपऱ्यावर चरा होता, वायर चिकटपट्टीने गुंडाळलेली होती. दोन दिवसांत एवढी धूळ? बांधकामं चालू आहेत आजूबाजूला, हे मान्य, पण चरा? मी मान वर केली. कपाटावर खोका होता. सीलबंद. बायकोने ओढलेली हळदीकुंकवाची बोटं जशीच्या तशी.

मला आधी काही कळलंच नाही. दोन मशीनं कशी? मी जुन्याकडे बघे, खोक्याकडे बघे. मग वाटलं, कंपनीने दिलं असेल. मग वाटलं, मित्राचं असेल. तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं आणि लेक आत आली, हातात भाजीची पिशवी. तिने मला बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि पिशवी खाली ठेवून कपाळाला हात लावला.

“हे कधीचं?” मी विचारलं.

“लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतलं.”

“कुठून घेतलं?”

“ऑनलाइन.”

“आणि मी आलो की?”

“दिवाणात ठेवायचो.”

माझा आवाज चढला. मीटिंग असो नाहीतर कोण असो. “अगं, बाप तुझा हाच धंदा करतो! सगळ्या पनवेलला मशीनं विकली मी, आणि माझी पोरगी ऑनलाइन? चार पैसे स्वस्त मिळालं म्हणून?”

“नाही बाबा!” तीही चिडली, माझ्यावरच गेलीय. “तुझ्याकडे आले असते तर तू पैसे घेतले असतेस का?”

“लेकीकडून पैसे? वेड लागलंय का?”

“तेच म्हणते मी. दिलं असतंस फुकट, वर दोन गेम दिले असतेस, आणि स्वतःच्या खिशातून भरलं असतंस. मला नको होतं ते. म्हणून बाहेरून घेतलं. आणि एकटी मीच नाही. मामाकडे आहे, आत्याच्या दोन्ही पोरांकडे आहे. सगळ्यांनी बाहेरूनच घेतलं. म्हणतात, तुझ्याकडे आलं की तू चहा पाजतोस आणि पैशाला हात लावू देत नाहीस. किती वेळा यायचं असं?”

मी परत सोफ्यावर बसलो. मी तर इतकी वर्षं समजत होतो की आमच्या घराण्यात गेमचा नादच नाही, सगळे अभ्यासू. जे माझे, तेवढेच माझ्या दुकानात आले नाहीत, आणि तेही माझ्या भल्यासाठी! रागवायचं तर कोणावर? हसावं की रडावं कळेना.

जावई मीटिंग सोडून बाहेर आले होते, दारात उभे. मी त्यांच्याकडे वळलो. “आणि तुम्ही हो? त्या दिवशी एवढं तोंड कशाला फुलवलंत?”

“बाबा, तुम्ही एवढ्या प्रेमाने दिलंत...”

“अहो, तुमच्या त्या तोंडावर मी मोठी ऑर्डर दिली!”

त्यांचा चेहरा जो पडला, तो मात्र खरा होता. आता फरक कळत होता. रविवारी कळायला हवा होता.

“बाबा, फोन लावा. आत्ता,” ते म्हणाले, आणि माझ्याशेजारी बसून त्यांनी पहिल्यांदा मला खरं ते सांगितलं. ज्यांना वेड असतं ते पहिल्याच वर्षी घेतात, कितीही महाग असो. मग भाव पडायची वाट बघणारे घेतात. मग पोरांच्या हट्टासाठी आईबाप घेतात. असं करत करत ज्यांना हवं त्या सगळ्यांच्या घरी ते पोचतं. शेवटी उरतात ते दोनच प्रकारचे, एक ज्यांना नकोच आहे, मोबाईलवर भागतं, आणि दुसरे जे पुढच्या मशीनसाठी थांबलेत. गेम बनवणारेही मनाने पुढच्या मशीनकडे गेलेले असतात. आणि एखादा उशिरा जागा झालाच, तर तो मित्राचं जुनं घेतो, तुमच्याकडे कशाला येईल?

“पण आता ते सगळ्यात चांगलं झालंय!” मी म्हटलं. माझा मुद्दा सुटत नव्हता.

“आंब्याचं कसं असतं बाबा?” लेक म्हणाली. “शेवटी शेवटी एकदम गोड आणि स्वस्त. आणि तेव्हाच आई म्हणते, पुरे आता, परत आणलात तर बघा.”

मी एजंटला फोन लावला. माल अजून गोदामातून निघाला नव्हता. तो जरा कुरकुरला, मग एकदम आवाज उतरवून म्हणाला, “काका, बरं केलंत. मी तुमच्या जागी असतो तर मीही घेतला नसता.” अरे, मग शपथा कोणी घेतल्या होत्या? म्हणजे याला माहीत, गव्हाणच्या माणसाला माहीत, दुकानात येणाऱ्या शाळकरी पोरांना माहीत, जावयाला माहीत. सगळ्या मुलखात एकट्या मलाच माहीत नाही, आणि दुकान माझं.

वाण परत घेत नाहीत. म्हणून नवं मशीन त्यांनी माझ्यासमोर उघडून लावलं आणि जुनं, चरा पडलेलं, माझ्याबरोबर पनवेलला पाठवलं. ‘तू एकदा खेळून तर बघ,’ म्हणे लेक. मी ते घरी आणून कोपऱ्यात ठेवलं. त्याला हात कोणी लावला असेल? बायकोने! निरांजनासाठी भांडली ती. दुपारी जेवण झालं की पदर खोचून, बटणांचा तो कंट्रोलर हातात धरून गाडी हाणत बसते, आणि मी मागितला तर म्हणते, “थांबा हो, एवढी शर्यत होऊ दे.”

कव्हरवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं, घे बाबा अर्धा काउंटर. त्याने त्याच संध्याकाळी सशाचे कान लटकवले. माझ्या अर्ध्यात आता थोडे गेम, थोडे कंट्रोलर, केबली. मी काचेमागे उभा असतो. वाईट वाटतं, नाही असं नाही.

असाच एका सकाळी दुकान उघडून, उदबत्ती लावून उभा होतो. भवानी व्हायची होती. पहिलं गिऱ्हाईक पायरी चढून आलं, बघतो तर लेक. ऑफिसला जायच्या कपड्यांत.

“एक कंट्रोलर दे,” म्हणाली.

मी काढून पिशवीत घातला. तिने पर्समधून नोटा काढून काचेवर ठेवल्या. मी त्या मागे सारल्या. तिने परत पुढे सारल्या.

“बाबा, मी इथून हलणार नाही. आणि नाही घेतलेस तर आयुष्यात परत तुझ्या दुकानात येणार नाही. ऑनलाइनच मागवीन.”

कव्हरवाला पलीकडून बघत होता. माझा हात उचलेना. लेकीचे पैसे घ्यायचे? आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणीही न पिणारी माणसं होऊन गेली. पण ती उभीच. तिची आई चिडली की असाच जबडा आवळते. मी नोटा उचलल्या, भवानीच्या म्हणून कपाळाला लावल्या आणि गल्ल्यात टाकल्या. हात गल्ल्यातच थोडा वेळ ठेवला.

ती निघाली, तर पिशवी काचेवर तशीच.

“अगं, माल विसरलीस!”

“तुझा आहे तो,” पायरीवरून ती म्हणाली. “आईकडे एकच आहे, आणि ती तुला देत नाही.”

सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतो तेच मी म्हणालो. “या परत.”